चाळीसच्या पुढचा आवाज

“काटा चाळीसच्या पुढे गेला की खडखड. डावीकडून, अगदी खालून,” ध्वनिमुद्रक म्हणाले.

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले आणि तो बाजूच्या सीटवर बसला. गॅरेजपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत, असा त्यांचा फेरा ठरलेला होता. मिस्त्री डोळे मिटून, मान डावीकडे कलती करून ऐकत होता. परत आल्यावर त्याने बॉनेट उघडलं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

“वाजतंय खरं,” तो शेवटी म्हणाला. “पण आज काही सापडत नाही. पुढच्या गुरुवारी आणा.”

मग दोन स्टुलं बाहेर आली, चहा आला आणि बोलता बोलता दुपार झाली. हल्लीच्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपात जात, त्यामुळे मिस्त्रीलाही घाई नसायची. न सापडलेल्या आवाजाचे पैसे घ्यायचे नाहीत, असा त्याचा बाणा होता.

गाडी एकेकाळी भलती दिमाखदार होती. ध्वनिमुद्रकांची बायको दातांची डॉक्टर. तिने स्वतःच्या कमाईतून हौसेने घेतलेली. चामड्याच्या सीटा, लाकडी डॅशबोर्ड, आणि दार लावलं की तिजोरी मिटल्यासारखा भारदस्त आवाज. आता गाडीने वीस वर्षं आणि साडेचार लाख किलोमीटर पुरे केले होते. सीटांना भेगा पडल्या होत्या. मागची उजवी काच एकदा वर गेली की खाली यायचं नाव घेत नसे. बायको गेली त्याला चार वर्षं झाली. त्याच वर्षी ध्वनिमुद्रक या खडखडीची तक्रार घेऊन पहिल्यांदा मिस्त्रीकडे गेले होते.

परदेशातली लेक दर रविवारी फोन करायची आणि गाडीवर घसरायची.

“बाबा, मी आले होते तेव्हा दहा दिवस त्याच गाडीतून फिरले. मला तर काही वाजलेलं ऐकू आलं नाही.”

“तुझा कान आणि माझा कान!”

पस्तीस वर्षं रेडिओत काढलेला माणूस. गाणाऱ्याचा श्वास कुठे चुकला ते काचेपलीकडून सांगायचा.

“तो मिस्त्री तुम्हाला खेळवतोय,” ती चिडून म्हणायची. “हा पांढरा हत्ती काढा आणि सरळ नवी घ्या.”

“बघू,” म्हणून ते फोन ठेवत. मग घर खायला उठायचं.

एका सोमवारी गाडी भर चौकात थांबली. कुठलाच गिअर पडेना. मागचा ट्रक कचकन ब्रेक दाबून हातभर अंतरावर उभा राहिला. मिस्त्री स्वतः येऊन गाडी ओढून घेऊन गेला.

“गिअरबॉक्स संपला, साहेब,” संध्याकाळी तो म्हणाला. “नवा टाकायचा तर तेवढ्यात दुसरी बरी गाडी येईल.”

“आणि तो आवाज?”

“आवाजाचं सोडा आता.” मिस्त्री खाली बघत होता. “ट्रकवाल्याचा ब्रेक लागला म्हणून वाचलात. मी सांगतो, काढून टाका.”

लेकीशी वाद घालता येत होता. मिस्त्रीनेच हात टेकल्यावर कोणाशी भांडायचं? काहीही झालं तरी दुरुस्त करा, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण चौकातली हकिगत ऐकून तिकडे लेक रडकुंडीला आली होती.

“भंगारवाल्याला मात्र देऊ नका,” मिस्त्री घाईघाईने म्हणाला. “माझ्याकडेच राहू दे. सुटे भाग उपयोगी पडतील.”

नवी गाडी लहान, गरीब स्वभावाची, मुकी. पट्टा लावला नाही तर तेवढी पिपाणी वाजवायची. तिची तपासणी कंपनीत; तिथे मालकाने काचेमागे बसायचं, गाडीजवळ फिरकायचं नाही.

गुरुवार आला की ध्वनिमुद्रक साडेदहाला केस विंचरून तयार होत, किल्ली हातात घेत आणि पुन्हा खुर्चीत बसत. एकदा मुद्दाम गॅरेजवरून गेले. मिस्त्री एकटाच, पाठमोरा, कशावर तरी वाकलेला होता. थांबावंसं फार वाटलं. पण थांबून सांगायचं काय? गाडी तर नवी कोरी. ते तसेच पुढे गेले. घरी येऊन त्यांनी रेडिओ लावला, निदान कोणी बोलत असावं म्हणून. एवढं एकटं त्यांना बायको गेल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं.

दोन महिन्यांनी, एका गुरुवारी अकराच्या सुमारास फाटकापाशी दार लागल्याचा आवाज आला. भारदस्त. तिजोरी मिटल्यासारखा. ते अनवाणीच बाहेर धावले.

गाडी धुऊनपुसून लख्ख केलेली होती. शेजारी मिस्त्री स्वच्छ शर्ट घालून अवघडून उभा होता.

“गिअरबॉक्स?” ध्वनिमुद्रकांनी विचारलं.

“एका मोडीतल्या गाडीचा मिळाला. बसवला रिकाम्या वेळात.” मिस्त्रीने मान खाजवली. “पण साहेब, काटा चाळीसच्या पुढे गेला की अजून वाजतंय बघा. मला काही सापडेना. वेळ असेल तर जरा बाजूला बसता का?”

ध्वनिमुद्रक बाजूच्या सीटवर बसले. गाडी पाण्याच्या टाकीच्या दिशेने निघाली. त्यांनी डोळे मिटले, मान डावीकडे कलती केली. काटा चाळीसवर गेला, पन्नासवर गेला. गेल्या चार वर्षांत त्यांना स्वतःला जो आवाज एकदाही ऐकू आला नव्हता, तो आजही आला नाही.

“वाजतंय खरं,” ते म्हणाले. “पुढच्या गुरुवारी आणा.”