बांगड्याची परीक्षा

फ्लॉसीनं बर्फाचा डबा उघडला आणि नाक मुरडलं. लेकानं बांगडे कापून, काटे काढून, कातडी सोलून मांडून ठेवलेले. कच्चे! आणि हे पाहुण्याच्या ताटात जाणार होते.

पाहुणा म्हणजे मोरिता. मुंबईच्या बड्या हॉटेलातला म्हातारा जपानी आचारी. कुणाला हाताखाली घ्यायचं असलं, की आधी त्याच्या घरी जाऊन त्याच्या हातचा मासा खायचा, मगच हो की नाही सांगायचा. तिचा लेक फेबियन त्यालाच आणायला गास गावाहून मुंबईला गेला होता. दुपारपर्यंत काही येत नव्हता.

पोरानं आठ वर्षं घरात जपान गोळा केला होता. भिंतीवर तलवारवाले, कपाटात बाहुल्या, उशाशी चित्रांची पुस्तकं. वाचता एक अक्षर येत नव्हतं. चित्रातला मासा मात्र कच्चा दिसायचा, म्हणून हाही कच्चाच देणार. आज म्हातारा नाही म्हणाला, तर सोमवारपासून सातिवलीच्या गोडाऊनात खोकी उचलायची, असं मायलेकांचं ठरलं होतं.

“कच्चा मासा मांजराला घालतात. माझ्या घरात माणसं जेवतात,” फ्लॉसी एकटीच बोलली. तिनं बांगड्याला मूठभर मीठ चोळलं. तासाभरानं धुतला आणि वर ताडीचा सिरका ओतला. सासूनं असंच शिकवलं होतं. आता तळला की झालं.

तवा तापायच्या आत दारात रिक्षा थांबली.

फेबियननं डबा पाहिला. माशाच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या.

“आय! माझं वाटोळं केलंस!”

“वाटोळं? तुझा म्हातारा पोट धरून आडवा झाला असता, तर गावानं मला नावं ठेवली असती. तुला कोण विचारतंय?”

दुसरा मासा घरात नव्हता. मोरिता हात धुऊन बसलासुद्धा होता. फेबियननं भाताचे मुटके वळले, वर तोच बांगडा ठेवला.

म्हाताऱ्यानं एक मुटका तोंडात टाकला. डोळे मिटले. चावत राहिला, चावतच राहिला. फ्लॉसीनं मनात तीनदा ‘नमो मारिया’ म्हटलं.

“हा कोणी केला?” त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं.

फेबियनची मान खाली गेली. “आयनं. मी कच्चाच देणार होतो. माफ करा.”

मोरिता उठला. फ्लॉसीसमोर कमरेत पार खाली वाकला. ती गडबडून दोन पावलं मागे सरली.

“आमच्याकडे बांगड्याला आधी मीठ, मग सिरका. माझ्या गुरूनं तो कधी कच्चा वाढू दिला नाही,” म्हातारा फेबियनला म्हणाला. “उद्यापासून ये. बांगडा तुझी आई शिकवेल, बाकीचं मी.”