तोटीपुढचा जोड

पहिला ठोसा व्हर्नच्या जबड्यावर बसला. अँब्युलन्सचा भोंगा अजून चर्चच्या कोपऱ्यावरून ऐकू येत होता.

"नट आवळला होतास की नाही?" रोलंड ओरडला.

व्हर्न गॅरेजच्या ओल्या फरशीवर आडवा झाला. माल्टचं उकळतं पाणी अजून वाफाळत उताराकडे वाहत होतं. ऑगस्टच्या जत्रेसाठी दोघे भाऊ मिळून बिअर करत होते. साठ लिटर. त्यातलं बरंचसं रोलंडच्या बायकोच्या, डेल्फीनच्या अंगावर गेलं होतं. मानेवर, खांद्यावर, डाव्या हातावर. तिला स्ट्रेचरवर घेताना तिची बाही कापावी लागली होती, आणि बाहीबरोबर कातडी आली होती.

"बोल ना! आता का दातखीळ बसली?"

व्हर्नच्या हाताशी तो नट पडला होता. अजून गरम. त्याने तो उचलला, बोटाने आतून चाचपला आणि खाली ठेवला.

बावीस वर्षं तो जहाजांच्या कारखान्यात नळजोडणी करत होता. बिअर उकळायच्या या भांड्याला त्याने दोन महिने दिले होते. पितळेचे जोड नको म्हणाला, शिसं उतरतं. बंद पडलेल्या डेअरीच्या लिलावातून स्टीलचे जोड वेचून आणले. कुणाचे आटे कुणाशी जुळत नव्हते, म्हणून पुन्हा ग्रीन बे शहराला चकरा मारल्या. प्रत्येक जोडाला सिलिकॉनचं नवं वॉशर. आट्यांवर टेप, पाच वेढे, एकाच दिशेने. मग भांडं पाण्याने भरून, तोटी उघडी आणि नळीचं तोंड बांधून, खाली वर्तमानपत्र पसरून एक दिवस तसंच ठेवलं. कागदावर थेंब नव्हता. रोलंड तेव्हा हसला होता. "एका पातेल्याचं एवढं बाळंतपण?"

तोटी उघडायचा मान मात्र रोलंडचा. घर माझं, भांडं माझं, पहिली धार मी सोडणार. दर वेळी हेच. आज माल तयार झाला तेव्हा तो ट्रकमधून बर्फ उतरवत होता. व्हर्नने विचार केला, कशाला थांबा. त्याने तोटीला हात घातला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून डेल्फीन धावत आली आणि तिने दोन्ही हातांनी त्याला ढकललं. तोटी उघडली होती. पुढच्या जोडातून नळी निसटली आणि सगळी धार तिच्यावर आली.

"नव्हता आवळला," व्हर्न म्हणाला. "विसरलो."

रोलंडने त्याच्या पोटात लाथ घातली. मग बरगडीवर. मग पुन्हा तिथेच. व्हर्न गुडघ्यांवर उठला, भिंतीचा आधार घेत उभा राहिला आणि मागे मागे सरकत बाहेर पडला. गाडीवाटेवरून हिरवळीवर. भर दुपारचं ऊन होतं. रोलंडने टेबलावरचा पाइपपाना उचलला आणि त्याच्या मागे आला.

दोघे अंगाने सारखेच होते. व्हर्नने एकदाही हात उचलला नाही.

"झालं? एवढंच?" तो म्हणाला आणि रक्ताबरोबर एक दात थुंकला.

पाना त्याच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज कुंपणापलीकडे गेला. तिथे गवत कापणाऱ्या शेजारच्या लॅम्बर्टने मशीन बंद केलं. "रोलंड, पुरे! मरेल तो!"

"तू मध्ये पडू नकोस!"

समोरच्या घराच्या पायरीवर दोन बायका उभ्या होत्या. एकीच्या कानाला फोन होता. पाना पुन्हा वर गेला. लॅम्बर्टने कुंपणावरून उडी मारली, मागून रोलंडच्या कमरेला मिठी घातली आणि दोघेही गवतात कोसळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्न हॉस्पिटलमध्ये डेल्फीनच्या खाटेशी बसला होता. त्याचा हात प्लास्टरमध्ये होता आणि एक डोळा पूर्ण मिटला होता. डेल्फीन मानेपासून बोटांपर्यंत पट्ट्यांत होती. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"त्याने?"

"हो."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला तिला हात उचलवत नव्हता. व्हर्नने पुसलं.

"जोड तू नीट केला होतास," ती म्हणाली. "काल सकाळी मी सैल केला. तोटीच्या पुढचा होता, म्हणून उघडेपर्यंत गळणार नव्हता. तोटी नेहमी तोच उघडतो. तू उघडशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही, व्हर्न."

"माहीत आहे. नटाचे आटे साफ होते. दाबाने निखळला असता तर सोलवटले असते. तो कुणीतरी हाताने फिरवला होता."

"मग चूक तुझी असं का म्हणालास?"

"नऊ वर्षं मी तुमच्या घरी जेवतोय. आणि तुला एकदाही काही विचारलं नाही."

"त्याला कधीतरी कळेल. आणि इथून मला त्याच घरात जायचंय." ती म्हणाली. "दोनदा बोलावलं होतं मी शेरीफला. दोन्ही वेळा एकच प्रश्न. कुणी पाहिलं का?"

"तो घरात नाही. काल दुपारपासून कोठडीत आहे," व्हर्न म्हणाला. "तुला तो दार लावून मारायचा, डेल्फीन. मला मारताना अख्ख्या आळीने पाहिलंय."