सावलीचा अर्ज

राजदूत ओल्डन खुर्चीच्या कडेवर बसून घाम पुसत होता. शिपाई सोनवणे रीतीप्रमाणे गूळ-पाणी घेऊन आले, तशा सावली खात्याच्या प्रमुख मंदाकिनी खांबेटे म्हणाल्या, “राहू द्या, सोनवणे. पाहुण्यांना तहान नाही.”

सोनवणे चपापले. दारात आलेल्या वैऱ्यालाही आधी पाणी विचारायचं, हे बाईंना आईनं शिकवलेलं. पण या दिवसाची त्या कित्येक वर्षं वाट पाहत होत्या. चंद्रपूर उन्हानं होरपळत होतं तेव्हा अंतराळातली सावलीची छत्री फक्त ओल्डनच्या देशाकडे होती. बाई घटकाभर सावली मागायला गेल्या, तर यानं त्यांना दुपारभर ताटकळत उभं ठेवलं आणि कॉफी ढवळत सांगितलं, “सावली ही सवलत आहे, हक्क नव्हे.” त्याच उन्हाळ्यात त्यांचा धाकटा भाऊ उष्माघातानं गेला.

ओल्डनच्या देशाची छत्री केव्हाच जळून गेली होती. आता आकाशातली एकुलती एक छत्री नाशकातल्या बाईंच्या याच कचेरीतून फिरवली जाई, आणि त्याच्या देशात गव्हाबरोबर माणसंही करपत होती.

“सावली ही सवलत आहे,” बाई एकेक शब्द चावत म्हणाल्या, “हक्क नव्हे.” त्यांनी ओल्डननं आणलेला अर्ज परत सरकवला.

तो आता गयावया करील, असं त्यांना वाटलं होतं. ओल्डन मात्र शांतपणे उठला.

“मीही तेव्हा तुम्हाला पाणी विचारलं नव्हतं,” आता सगळ्याच राजदूतांना शिकावी लागणाऱ्या मराठीत तो म्हणाला. “तुम्ही घरी गेलात आणि छत्री उभारलीत. आता आम्ही घरी जातो.”