मागची काच

तिसऱ्या गाडीत आजी मागच्या सीटवर जाऊन बसली, मान वळवून थोडा वेळ मागे बघत राहिली आणि म्हणाली, "हीसुद्धा नको."

सेल्समनने सकाळपासून सांभाळलेलं हसू आता जरा सैल झालं. "अहो आजी, आवारातली सगळ्यात दणकट गाडी आहे ही. तुमचा ट्रेलर बाराच्या बारा मधपेट्यांसकट ओढेल, चढावर धाप लागायची नाही तिला."

"ओढेल हो. पण तो दिसणार कुठून?"

मागची काच खरंच बारीक होती, एखाद्या माळ्याच्या झरोक्याएवढी. सेल्समनने चाकाशेजारचा छोटा पडदा सुरू करून दाखवला. "इथं सगळं दिसतं. मागे कॅमेरा आहे. वळून बघायची गरजच नाही."

"मग मी गाडीत काय करू?"

"तुम्ही मस्त डुलकी काढायची!"

आजीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उगाच गाडीचं दार पुसू लागला.

"आई, पडद्यावर बघून सांग ना बाबांना," मुलगा म्हणाला. "काय फरक पडतो?"

"त्यांना पडतो."

आजोबा सावलीत खुर्चीवर बसले होते, मांडीवर टोपी घेऊन. समोरच्या रांगेतली एखादी गाडी आता सुटेल आणि आपल्याला चढायचं आहे, अशा तयारीत. वर्षभरात त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट उडून जात होती, पेटीतून माश्या निघतात तशी. फक्त या माश्या संध्याकाळी परतत नव्हत्या. जेवण झालं की नाही, नातीचं नाव काय, दोन्ही गेलं. पण गाडीत मुलाशेजारी बसले की प्रत्येक वळणावर विचारायचे, "येतोय ना गं?" आणि समोरच्या आरशात बघायचे. आजी मान वळवून ट्रेलर बघायची आणि म्हणायची, "येतोय." मग पुढच्या वळणापर्यंत सगळं शांत.

गेल्या खेपेला भाड्याच्या गाडीतून मागचं काहीच दिसत नव्हतं. आजी नुसतीच "येतोय" म्हणाली. मान वळली नाही, हे त्यांनी आरशात पाहिलं आणि चालत्या गाडीचं दार उघडलं. त्याच दिवशी मुलगा म्हणाला होता, "आता पुढच्या फुलोऱ्याला पेट्या शेतांवर नेताना तुम्ही दोघं घरीच थांबा." तेव्हापासून आजी नीट झोपली नव्हती.

"पण आजोबांना एवढा घोर कशाचा?" सेल्समनने विचारलं.

"बाबा गाडी चालवायचे तेव्हा एकदा दोघांचा अबोला होता," मुलगा हसत म्हणाला. "वळणावर ट्रेलर आकड्यातून निसटला. हिनं तो पाहिला, पण बोलली नाही."

"अरे बापरे! मग?"

"मग काय, पुढच्या गावापर्यंत तसेच गेलो," आजी म्हणाली. "आधी त्यांनी बोलायला हवं होतं."

परत येऊन पाहिलं तर पेट्या रस्त्याच्या कडेला उन्हात उभ्या होत्या, एकही कलंडली नव्हती. त्यानंतर भांडणं झालीच, पण तो एक प्रश्न आणि ते एक उत्तर कधी चुकलं नाही.

आवाराच्या कोपऱ्यात एक जुनी, लांबट गाडी उभी होती. रंग उडालेला, पण मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत काच. आजी कुणाला न विचारता आत जाऊन बसली आणि वळली. काचेत भिंत होती, भिंतीवर वेल, वेलीवर उतरतं ऊन. तिच्या डोळ्यांपुढे भिंत हळूहळू मागे सरू लागली. पिवळं शेत दोऱ्याएवढं बारीक झालं, पूल काडीएवढा, आणि सगळ्याच्या मधोमध तो ट्रेलर, डुलत, मधाचा वास घेऊन पाठोपाठ येणारा. आजोबांनी आयुष्यभर येणारा रस्ता पाहिला होता. गेलेला रस्ता तिच्या वाट्याचा.

"ती नका घेऊ," सेल्समन मुलाला हळूच म्हणाला. "आठाच्या वर पेट्या नाही झेपायच्या."

"म्हणजे दर फुलोऱ्याला दोन खेपा." मुलाने कपाळ चोळलं. "आई, माझी रजा किती असते ठाऊक आहे ना?"

आजी अजून मागेच बघत होती.

"चालवून तरी बघतो," तो म्हणाला.

आजोबांना त्याने पुढे बसवलं. सेल्समन मागे, आजीशेजारी. गाडी फाटकातून बाहेर पडली. रस्ता मोकळा होता, दुपार कलली होती आणि दोन्हीकडची झाडं अगदी निवांत मागे जात होती.

पहिलं वळण आलं. आजोबांनी मान वर केली, आरशात पाहिलं.

"येतोय ना गं?"

"आजोबा, अहो ट्रेलर तर अजून..." सेल्समनने तोंड उघडलं. आजीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

ती पूर्ण वळली. मागे नुसता रस्ता होता, त्यावर गाडीने उडवलेली सोनेरी धूळ. तिने ती नीट, सावकाश पाहिली.

"येतोय."

आजोबा पाठ टेकून बसले.

मुलाने वेग कमी केला आणि गाडी चांगली रुंद घेऊन वळवली, ट्रेलरचं चाक कडेच्या दगडाला घासू नये इतकी.