नानांची खाट

यंदा वरुणा नदीला दुसऱ्यांदा पूर आला. पाणी ओसरल्यावर माझ्या वडिलांनी, नानांनी, स्वतःची खाट विणकर वस्तीतल्या एका बाळंतिणीकडे पोचवली. तिच्या घरातली जमीन अजून ओली होती.

"आणि तुम्ही कशावर निजणार?" मी चिडून विचारलं.

"अगं मुक्ता, महादेवाच्या गावात मला कसली खाट?"

दुसऱ्या दिवशी पहाटे नाना चटईवरच गेले.

तेराव्याला शय्यादानासाठी मी नवी खाट आणली. गुरुजी म्हणाले, "नवी कशाला? ते निजत होते ती द्या. तीच त्यांना पोचेल."

"ती त्यांनीच देऊन टाकली."

गुरुजींनी पळी उचलली. मग माझ्या हातावर पळीभर पाणी घालत म्हणाले, "मग त्याच खाटेवर उदक सोडा."

मी पाणी सोडलं आणि मोठ्याने म्हणाले, "नाना, बरं केलंत."