गाळलेला उखाणा

मंगल कार्यालयात बँड कानठळ्या बसवत होता, तरी कुमुदिनीला कोपऱ्यातल्या बायकांची कुजबुजही लख्ख ऐकू येत होती. तिच्या कानातल्या यंत्रात इथे येता येताच नवा प्रोग्रॅम भरून घेतला होता. तो गोंगाट गाळायचा आणि माणसाचं बोलणं तेवढं आत सोडायचा.

"वहिनी, आ करा! पंचवीस वर्षांनी का होईना, दादा उखाणा घेतोय," नणंद म्हणाली.

दत्ताराम जन्माचा बहिरा. त्याचं घोगरं, तुटकं बोलणं परक्यांना कळत नसे, पण कुमुदिनीला जुन्या, खरखरत्या यंत्रातूनही त्यातलं अक्षर न् अक्षर कळायचं. लोक हसतील म्हणून लग्नात त्यानं नाव घेतलं नव्हतं. आज लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घ्यायचं म्हणून महिनाभर आरशापुढे उभं राहून घोकलं होतं.

जिलबीचा घास धरून तो बोलू लागला. ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. कुमुदिनीच्या कानात मात्र चिडीचूप. प्रोग्रॅम बनवणाऱ्यांच्या लेखी ते बोलणंच नव्हतं.

"ऐकलंस?" त्यानं खुणेनं विचारलं. तिनं मान डोलावली आणि घास तोंडात घेतला.

"काय बोलला कुणास ठाऊक, नुसता गोंगाट," कोपऱ्यातली एक बाई पुटपुटली. तेवढं यंत्रानं तिला स्वच्छ ऐकवलं.