बाईसाहेबांच्या नावाने

डोव्हरला लेडी ऑनोरियांच्या घरी मी कामाला होते. फ्रान्सहून जीव वाचवून आलेले काउंट ल्युसियाँ तिथे रोज यायचे. दोघांचा एकमेकांवर जीव होता, पण बाईसाहेब लंडनच्या हेरखात्यासाठी काम करत. काउंटची पत्रं चोरून त्या त्यांच्या नकला करायच्या आणि नकलांची पाकिटं मी लंडनच्या डाकेत टाकायचे. त्या नकलांवरून काउंट फ्रान्सचे हेर ठरून पकडले गेले, नऊ वर्षं कैद्यांच्या जहाजावर खितपत पडले. मला स्वतःची लाज वाटायची. त्यांना काही आधार वाटावा म्हणून दर हिवाळ्यात मी लोकरीचे मोजे विणायचे आणि बाईसाहेबांच्या नावाने पाठवायचे. फ्रान्सशी चाललेली लढाई संपली तसे काउंट दारात आले, केस पिकलेले. बाईसाहेबांचा हात हातात घेऊन म्हणाले, “ऑनोरिया, तुमच्या मोज्यांनी मला जगवलं. आता तरी लग्नाला हो म्हणा.” बाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मेले तरी मी खरं सांगितलं नसतं. त्यांनी हात सोडवून घेतला. “मोजे या टॅबीने विणले. तुम्हाला पकडून दिलं ते मी.” काउंट पांढरेफटक पडले. मग त्यांनी वाकून काजळीने माखलेला माझा हात ओठांना लावला. “आणि मी?” बाईसाहेब पुटपुटल्या. “आज तुमच्याकडे बघवत नाही मला,” एवढं बोलून ते निघून गेले. चार दिवस बाईसाहेब दाराजवळची खुर्ची सोडेनात. पाचव्या दिवशी काउंट परत आले आणि उंबऱ्याशी थांबले. आत या म्हणायला बाईसाहेबांना तोंड नव्हतं. ते मीच म्हटलं.